धाकट्या घाटावरच्या आठ रेघा

हिराबाईंनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. “सर, तेवढं गप्प बसा.” बस्स, एवढंच. आणि शनिवार पेठेत जन्मून सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही. जमलं असतं तर ती भिंत आज उभी असती.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. असत्या तर हे लिहू दिलं नसतंच. ‘पुन्हा बसलात का लिहायला?’ म्हणून खराटाच उगारला असता. पण आता भिंत नाही, बाई नाहीत आणि लपवण्यासारखंही काही उरलं नाही. तेव्हा सगळं सांगतो. मी बरा दिसावा म्हणून काही गाळणार नाही.

हिराबाई महापालिकेत झाडणकामाला होत्या. राहायला येरवड्याला, तुरुंगाच्या पलीकडच्या वस्तीत. सकाळची पहिली बस पकडून आमच्या भागातल्या कोठीवर यायच्या. कोठी म्हणजे झाडणाऱ्यांची हजेरी लागते ती खोली. हजेरी झाली की खराटा, घमेलं आणि ढकलगाडी घेऊन नदीकाठ गाठायचा. ठेंगणी, सडपातळ बाई, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल. बोलणं मोजून मापून. हे सगळं मी आता सांगतोय हं. पहिली पाच वर्षं मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

मी निवृत्त झालो नव्व्याण्णव साली. त्याच सुमाराला पुण्यात आयटीवाले येऊन धडकले. हिंजवडीला काचेच्या इमारती, वारज्याला आणि वाघोलीला फ्लॅट, आणि आठवड्याला सुट्ट्या दोन. दोन! आम्हाला एक रविवार मिळायचा, तोही पेपर तपासण्यात जायचा. तर या मंडळींना आपण राहतो ते गाव पायी फिरून बघायची हौस आली. म्हणून २००१च्या डिसेंबरात मी नदीकाठची फेरी सुरू केली. रविवारी सकाळी साडेसात, नव्या पुलाच्या टोकाशी जमायचं. नवा पूल म्हणजे शिवाजी पूल. तो आहे १९२३चा, पण पुण्यात एकदा नवा म्हटलं की तो नवाच. उशिरा येणाऱ्यासाठी मी थांबत नसे. खाण्यासाठी, फोटोसाठीही थांबत नसे. प्रश्न शेवटी, तेसुद्धा एकाला एक. चंद्रावर उतरायचे असावेत असे बूट घातलेला एकजण मधेच म्हणाला, “सर, इथे वॉशरूम कुठे आहे?” मी म्हटलं, “पेशव्यांनी बांधायचं राहून गेलं.”

लोक चिडायचे आणि पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन यायचे. पुलाच्या कमानी, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, ओंकारेश्वराचे घुमट, चुन्यातलं काम कसं ओळखायचं, दोन दगडांतला सांधा किती बारीक, सगळं दाखवायचो. नव्या पुलावरून ओंकारेश्वराकडे जाताना मध्ये एक लहानसा घाट लागायचा. त्याला नकाशात नाव नव्हतं. मी आपला त्याला धाकटा घाट म्हणायचो. दहा-बारा पायऱ्या, एक फरसबंदी ओटा आणि ओट्याच्या मागे काळ्या घडीव दगडाची भिंत. त्या भिंतीवर आठ रेघा होत्या.

छिन्नीने कोरलेल्या, बोटभर लांबीच्या, आडव्या, एकावर एक. प्रत्येक रेघेशेजारी बारीक टिंबं. सगळ्यांत खालच्या रेघेला तीन, तिच्या वरच्या रेघेला चार, असं करत करत सगळ्यांत वरच्या रेघेला दहा. खालची रेघ ओट्यापासून साधारण तीन फुटांवर, वरची सव्वाचार फुटांच्या आसपास. वर जाताना रेघांमधलं अंतर कमी कमी होत गेलेलं.

एकसष्ट साली पानशेत फुटलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं. वडलांच्या पुस्तकांचा लगदा झाला आणि वडील त्यातून पुन्हा म्हणून उभे राहिले नाहीत. तेव्हापासून भिंतीवर आडवी रेघ दिसली की मला पाणीच दिसतं. इथेही तेच झालं. मी ठरवूनच टाकलं, हे पूर मोजायचं साधन, पेशवाईतलं. रेघ म्हणजे पाणी कुठवर चढलं ते आणि टिंबं म्हणजे ते किती प्रहर टिकलं ते. मोठा पूर, जास्त प्रहर. किती चपखल बसलं! मी मोजपट्टी आणून ओट्यापासून एकेका रेघेची उंची अर्ध्या इंचापर्यंत मोजली, वहीत लिहिली आणि पत्रक छापलं, ‘धाकट्या घाटावरील पेशवेकालीन पूरमापक’. कुणी पुरावा विचारला की छातीठोकपणे सांगायचो, पुरावा दगडात आहे, डोळे असतील तर बघा.

तिथे रोज झाडणाऱ्या बाईला विचारून बघावं असं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जड गेलं.

त्या दर रविवारी तिथेच असायच्या. फेरी घाटावर उतरली की खराटा थांबवून बाजूला उभ्या राहायच्या. मी बोलायला लागलो की माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघायच्या. कुणी फोटोसाठी रेघांना टेकून उभं राहिलं की म्हणायच्या, “ओ दादा, तिथं नका टेकू.” मला वाटायचं, वा! महापालिकेत अशीही माणसं आहेत म्हणायची. एकदा तर मी लोकांना सुनावलं, “बघा, झाडणाऱ्या बाईला कळतं ते तुम्हाला इंजिनिअर होऊन कळत नाही.” लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की घाट आठ-आठ दिवस बुडायचा. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर घोटाभर गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, काय काय. पण बाकी घाट चिखलात असला तरी त्या आठ रेघा सगळ्यांत आधी धुतलेल्या असायच्या. टिंबांतला गाळसुद्धा काडीने काढलेला. हेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढे चालायला लागलो.

२००६च्या अखेरीला नदीकाठाने काँक्रीटची नवी भिंत आणि लोकांना फिरायला पदपथ करायचं ठरलं. एका सकाळी धाकट्या घाटाच्या ओट्यावर फक्कीची पांढरी आखणी दिसली. ती सरळ जुन्या भिंतीतून जात होती. माझं डोकंच सणकलं. मी अर्ज करायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, असे अकरा अर्ज. फेरीला सृष्टी नावाची मुलगी यायची, मूळची वर्ध्याची, हिंजवडीत कामाला. ती म्हणाली, “सर, टेन्शन मत लो, आपण ऑनलाइन पिटिशन टाकू.” तिने चार हजार लोकांच्या सह्या जमवल्या, त्यातले निम्मे अमेरिकेत. म्हटलं, असू दे, सही ती सही.

शेवटी नदीकाठच्या कामाच्या कचेरीत बैठक झाली. मी पत्रक टेबलावर ठेवलं आणि आठही उंच्या घडाघडा वाचून दाखवल्या. तिथले इंजिनिअर भले गृहस्थ होते. त्यांनी आकडे लिहून घेतले आणि म्हणाले, “सर, पेशवेकालीन असेल तर प्रश्नच मिटला. पदपथ तेवढ्यापुरता वळवून घेऊ.” फाईलवर तसा शेराही मारला.

आमच्याच शाळेत भूगोल शिकवणारे रंगराव तेवढे, बातमी कळल्यावर, म्हणाले, “तुमच्या त्या टिंबांचं काही पटत नाही बुवा.” हा माणूस पंचवीस वर्षं माझी एक चूक सापडावी म्हणून जगत होता. मी म्हटलं, “तुम्ही नकाशे रंगवा, रंगराव.”

त्या रविवारी मी फेरीला पेढे घेऊन गेलो. धाकट्या घाटावर सगळ्यांना वाटले. डब्यात एक उरला तो झाडणाऱ्या बाईंपुढे धरला आणि म्हटलं, “घ्या बाई. तुमची भिंत वाचली.” मी आपलं सहज म्हटलं होतं. त्यांनी पेढा हातात घेतला आणि त्या रडायलाच लागल्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. लोकांना मी पुढे पाठवलं आणि मागे थांबलो. कुणासाठीही न थांबणारा मी.

“सर, तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“काय कुणी सांगितलं?”

“माझी भिंत म्हणून.”

मग त्या पायरीवर बसल्या आणि मला आधी त्यांचं नाव कळलं आणि मग बाकीचं. हिराबाईंचे यजमान दशरथ रस्त्याच्या कामावर होते, दगड घडवायचे. एक्क्याऐंशी साली मुलगी झाली. नाव सुजाता, घरात सोनू. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून हिराबाई तिला कामावर घेऊन यायच्या. ओट्यावर चादर टाकायची, तिला बसवायचं आणि झाडता झाडता लक्ष ठेवायचं. पोर त्या ओट्यावर रांगली, त्या पायऱ्या धरून उभी राहिली. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, तिला नवा फ्रॉक घालायचे आणि मिरवणुकीला जायच्या आधी तिघं घाटावर यायची. दशरथ पोरीला भिंतीशी पाठ लावून उभी करायचे, डोक्यावर हातोड्याचा दांडा आडवा धरायचे आणि छिन्नीने रेघ मारायचे. जेवढं वय तेवढी टिंबं.

“आमच्या घराला पत्र्याच्या भिंती, सर. त्याच्यावर काय रेघ मारणार? हे म्हणायचे, नदीची भिंत पक्की आहे. पोरीची पोरं पण येऊन बघतील, आपली आई केवढी होती ते.”

एक्क्याण्णवच्या एप्रिलात आठवी रेघ मारली. दहा टिंबं. जुलैत पोर काविळीने गेली.

“तवा पेपरात देशाचं सोनं गहाण टाकल्याचं येत होतं,” हिराबाई म्हणाल्या. “जो तो त्याचंच बोलत होता. आमच्या दारात आलेली माणसंसुद्धा तेच बोलत होती.”

दशरथ त्यानंतर पाच वर्षं जगले. दारू नाही, भांडण नाही, माणूस नुसता बोलेनासा झाला आणि गेला. हिराबाईंना घराजवळ बदली दोनदा मिळत होती. दोन्ही वेळा मुकादमाच्या हातापाया पडून त्यांनी ती रद्द करून घेतली. “पोर इथं उभी आहे. मी तिकडं काय झाडू?” असं म्हणून त्या उठल्या आणि सगळ्यांत वरच्या रेघेवर तळहात आडवा ठेवला. आपण मुलांच्या डोक्यावर ठेवतो ना, तसा.

पाच वर्षं, दर रविवारी, या बाईसमोर उभा राहून मी तिच्या लेकीच्या अंगाला पट्टीने टोचत गावाला पुराच्या गोष्टी सांगत होतो. मी म्हटलं, “बाई, मला माफ करा. आधी बोलायचं तरी.”

“कशाला बोलू? तुम्ही सांगत होता म्हणून तर लोक लांबून बघत होते. नाहीतर इथं पानाच्या पिचकाऱ्या असत्या.” त्यांनी डोळे पुसले. “सर, एक मागते. हे कुणाला सांगू नका. तुमचं पाण्याचंच राहू द्या. पाण्याची म्हणून भिंत वाचली. झाडूवालीच्या पोरीची म्हटलं तर कोण ठेवणार? तेवढं गप्प बसा.”

मी शब्द दिला आणि तेवीस दिवस पाळला.

पुढच्या रविवारी घाटावर उतरलो, “हे पेशवेकालीन” एवढं म्हटलं आणि जीभच अडखळली. हिराबाई समोर खराटा धरून उभ्या होत्या. ‘बोला, बोला’ अशी मान हलवत होत्या. बोललो कसंबसं. त्याच्या पुढच्या रविवारीही बोललो. तिसऱ्या रविवारी रंगराव फेरीला आले, आयुष्यात पहिल्यांदा. वाकून, चष्मा वर करून त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, कड अजून धारदार आहे हो. दोनशे वर्षं पाण्यात काढलेली रेघ अशी राहते का? बघतो जरा. पेपरात लिहावं म्हणतो.”

घरी येऊन मी स्वतःला समजावलं की खरं सांगणं हे माझं कर्तव्य आहे. सुजाताचं नाव गावाला कळायला हवं, एका कामकरी घरच्या मुलीची उंची पेशव्यांच्या पुरापेक्षा मोलाची आहे, लोक उलट जास्त जपतील, वगैरे वगैरे. आणि मला ते मनापासून वाटत होतं, ढोंग नव्हतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी रंगराव बसले होते. त्यांनी माझी चूक छापायच्या आत मला ती स्वतः छापायची होती. आम्हा लोकांना उपास चालतो, अपमान चालतो, पण आपली चूक दुसऱ्याने काढलेली? छे! ते मात्र नाही. म्हणून मंगळवारी मी बसलो आणि वाचकांच्या पत्रव्यवहाराला पत्र लिहिलं.

गुरुवारी छापून आलं. मथळा, ‘एक दुरुस्ती’. ‘सदर रेघा पेशवेकालीन पूरमापक नसून १९८४ ते १९९१ या काळात एका बालिकेची उंची नोंदवण्यासाठी कोरल्या गेल्या, असे निदर्शनास आले आहे. तिचे नाव सुजाता. प्रस्तुत लेखक आपल्या चुकीबद्दल दिलगीर आहे.’ दिवसभर फोन वाजत होता. “सर, काय हा प्रांजळपणा! असं कोण लिहितं आजकाल?” रंगरावांचाही आला. म्हणाले, “मानलं,” आणि ठेवला. मी तो एक शब्द रविवारपर्यंत मिरवत होतो. कात्रण पाकिटात घातलं, हिराबाईंना द्यायचं म्हणून. लेकीचं नाव छापून आलेलं बघून बाई हरखून जातील असं वाटत होतं मला. खरंच वाटत होतं.

रविवारी फेरी पुढे गेल्यावर मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. “काय आहे?” त्यांनी विचारलं. मीच मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी वर्गात वाचावं तसं. शेवटच्या ओळीला वर बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“हे सगळ्यांनी वाचलं?”

“हो. सगळीकडून कौतुक होतंय. तुमच्या सोनूचं नाव आता...”

“सर, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?” त्या एवढंच म्हणाल्या. कात्रण परत माझ्या हातात दिलं, खराटा उचलला आणि पायऱ्या झाडायला लागल्या. मी तिथे उभा होतो तेवढी जागा सोडून झाडत गेल्या.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला सृष्टीचा फोन आला की घाटावर जेसीबी लागलाय. मी धावत गेलो, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. पोचलो तेव्हा भिंत नव्हती. इंजिनिअर तिथेच होते. मी त्यांच्या अंगावरच गेलो. त्यांनी शांतपणे फाईल उघडून दाखवली. माझं पत्र, पेपरातलं, व्यवस्थित कापून चिकटवलं होतं.

“सर, तुम्हीच लिहिलंत. पेशवेकालीन नाही म्हटल्यावर पदपथ वळवायचं कारणच संपलं की.”

“अहो, पण त्या मुलीच्या खुणा होत्या!”

“मलाही मुलगी आहे, सर,” ते म्हणाले. “पण हे मी फाईलमध्ये कुठल्या रकान्यात लिहू, तुम्हीच सांगा.”

भिंतीच्या जागी दगडांचा थोडा चुरा आणि धुरळा होता, आणि हिराबाई तो झाडत होत्या. तो भाग त्यांच्याकडेच होता ना. घमेलं भरत होतं, गाडीत रिकामं होत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मीही जवळ गेलो नाही. मला तोंडच नव्हतं.

दगड डंपरमध्ये भरून वारज्याकडे एका भरावावर नेले होते. सृष्टीने तीन दिवस रजा टाकली. तिच्या स्कूटरवर मागे बसून मी रोज जायचो. दोघं त्या ढिगाऱ्यात दगड उलथे-पालथे करायचो. हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फुटक्या दगडाचा एक तुकडा सापडला. एक रेघ आणि पाच टिंबं. बाकीच्या सात रेघा कुठे गेल्या ते कधीच कळलं नाही. मी तो दगड पोत्यात बांधला आणि रिक्षाने येरवड्याला घेऊन गेलो. हिराबाईंच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

एका खोलीचं घर. आता भिंती विटांच्या होत्या. समोर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली दशरथांचा फोटो आणि शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी, पुढचा एक दात पडलेली. हिराबाईंनी मला “या” म्हटलं, खुर्ची दिली. मी पोतं सोडलं. त्यांनी तांब्याभर पाणी आणून दगड धुतला आणि टिंबांवरून बोट फिरवत मोजलं. “पाच,” म्हणाल्या. “बालवाडीत होती. पिवळा फ्रॉक होता.”

मग त्यांनी तो दगड भिंतीशी जमिनीवर उभा केला आणि मागे सरून बघितलं. रेघ जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर होती. त्या बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“सर, ही इथं नव्हती ओ. ही माझ्या कमरेच्या वर यायची.” त्यांनी दगडाकडे बोट केलं. “दगड आणलात तुम्ही. पोरीची उंची कुठंय?”

मला आयुष्यात इतकं मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. आणि मग आठवलं. खांद्याच्या पिशवीत माझी मोजपट्टी आणि फेरीची वही होती. त्या चुकीच्या पत्रकासाठी घेतलेली मापं, आठच्या आठ, अर्ध्या इंचापर्यंत. मी म्हटलं, “हिराबाई, माझ्याकडे आहे. सगळ्या आहेत. पेन्सिल द्या, आत्ता या भिंतीवर काढून देतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. “ही पण पाडायचीच आहे. बिल्डर सह्या घेऊन गेलाय. नुसतं वाचा.”

मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. “तीन वर्षं. दोन फूट अकरा इंच.” हिराबाईंनी तळहात आडवा करून हवेत धरला, अंदाजाने. मी पट्टी लावून हात जरा वर करायला सांगितला. “चार वर्षं. तीन फूट दोन इंच.” हात वर गेला. “पाच. तीन फूट साडेचार.” असं एकेक. सहाला त्या म्हणाल्या, “शाळेत घातली.” सातला म्हणाल्या, “दात पडला.” मग आठ. “नऊ वर्षं. चार फूट एक.” आणि मग शेवटचा आकडा, “दहा वर्षं. चार फूट अडीच इंच.”

हात त्यांच्या खांद्याच्या जरासा वर येऊन थांबला. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “इथंच लागायची. जवळ घेतली की डोक्याचा वास यायचा.”

मी वही मिटायला लागलो.

“सर,” हात न हलवता त्यांनी विचारलं, “नववी रेघ कुठं आली असती?”

मला येत होतं. वयाप्रमाणे वाढीचं अंतर वहीत समोर होतं. दीड इंच, फार तर दोन. उत्तर अगदी ओठांशी आलं होतं. आजवर कुणी प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं.

मी गप्प बसलो. त्यांचा हात बराच वेळ तसाच होता.